इंग्रजी वाक्संप्रदाय कसे शिकावे?



इंग्रजीच्या तासाला एक तक्रार आम्हांस दरवर्षीं ऐकावी लागते. "सर, वाक्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, पण वाक्याचा अर्थ मात्र लागत नाहीं." ही तक्रार आळशी मुलांची नसते. जे विद्यार्थी कोश उघडून शब्दार्थ लिहून आणतात, त्यांचीच ती असते. 'गिव्ह' म्हणजे देणें आणि 'अप' म्हणजे वर, हें लहान मुलासही सांगतां येतें. परंतु 'गिव्ह अप' म्हणजे 'वर देणें' नव्हे, तर सोडून देणें, हें त्याला शब्दांवरून कसें कळावें? 'लुक' म्हणजे पाहणें आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर. तरी 'लुक आफ्टर' म्हणजे 'नंतर पाहूं' असें नव्हे. (कित्येक कचेऱ्यांतून तोच अर्थ रूढ दिसतो, ही गोष्ट निराळी!) त्याचा खरा अर्थ काळजी घेणें, सांभाळ करणें असा आहे.

ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यांतील सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून निघत नाहीं, त्यास वाक्संप्रदाय म्हणतात. अशा संप्रदायांचा इंग्रजींतील फार मोठा गट म्हणजे क्रियापद आणि त्याला चिकटून येणारें लहानसें अव्यय यांची जोडी. तिला इंग्रजींत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आम्ही ह्या लेखांत तिला 'जोडक्रियापद' म्हणूं.

हा विषय आम्ही ह्या वर्षीं कां निवडला, हें सांगण्यासाठीं आमच्या लहानपणची एक गोष्ट सांगणें भाग आहे.

एका तारेची गोष्ट

आम्ही तेव्हां इयत्ता आठवींत होतों. आमचे वडील अतिशय आजारी होऊन दूरच्या शहरांतील एका मिशन दवाखान्यांत होते. मामा त्यांच्यापाशीं होते; मातोश्री, धाकटी बहीण व आम्ही खेड्यांत. त्या काळीं निकडीची बातमी तारेनें येत असे. (ही तारसेवा आपल्या देशांत २०१३ सालीं बंद झाली, म्हणून तुम्हांपैकीं बहुतेकांनीं ती पाहिलीही नसेल.) एके दिवशीं संध्याकाळीं तारवाला दारांत आला. मामांना इंग्रजी येत नव्हतें, म्हणून त्यांनीं तेथील डॉक्टरांकडून मजकूर लिहून घेतला होता. तारेंत एवढेच शब्द होते : 'फादर पुल्ड थ्रू. लेटर फॉलोज.'

घरांत इंग्रजी जाणणारे म्हणून आम्हीच. 'पुल' म्हणजे ओढणें, 'थ्रू' म्हणजे आरपार. कोश काढून दोन्ही शब्द पुन्हा पाहिले. वडिलांना कोणीतरी आरपार ओढून नेलें, ह्याचा दुसरा कोणता अर्थ होणार? आम्हीं रडत रडत आईला तो अर्थ सांगितला. ती मटकन् खालीं बसली. शेजारपाजार गोळा झाला. चुलींत विस्तव पडला नाहीं. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी निजलें नाहीं.

पहाटे शेजारच्या गांवाहून पाळकसाहेब सांत्वनासाठीं आले. त्यांनीं प्रार्थनेपूर्वीं तार पाहावयास मागितली. ती वाचून ते क्षणभर स्तब्ध राहिले, आणि मग आमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, 'पुल थ्रू' म्हणजे दुखण्यांतून निभावणें. तुझे वडील वांचले आहेत!" चार दिवसांनीं मामांचें पत्र आलें, त्यांतही तेंच होतें. वडील पुढें पुष्कळ वर्षें आमच्यांत राहिले. मातोश्रींनीं आम्हांला रागाचा एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. "बाळा, पुढच्या वेळीं नीट वाच," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांनीं आमच्या आईची जी एक रात्र घेतली, तिची भरपाई आम्ही गेलीं कित्येक वर्षें फळ्यापाशीं उभे राहून करीत आहों.

लक्षांत घ्या, त्या दिवशीं आमचा शब्दार्थ चुकला नव्हता. कोशांत जे अर्थ होते तेच आम्हीं सांगितले. चूक झाली ती दोन शब्द निरनिराळे वाचण्यांत.

ही अडचण नवी नव्हे

परकीयांना इंग्रजींतील ही जागा अवघड जाते, हें इंग्रज पंडितांनींही फार पूर्वींच ओळखलें होतें. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांचा सुप्रसिद्ध कोश १७५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं, क्रियापदाला अव्यय जोडल्यानें अर्थ कसा पालटतो व परकीयास तो कसा चकवितो, ह्याचा मुद्दाम उल्लेख करून अशा जोड्या आपण काळजीपूर्वक टिपल्या असल्याचें सांगितलें आहे. 'फ्रेझल व्हर्ब' हें नांव मात्र बरेंच अलीकडचें. लोगन पिअर्सल स्मिथ ह्यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत तें छापलें, आणि तें आपणांस कोशकार हेन्री ब्रॅडली ह्यांनीं सुचविल्याचें नमूद केलें.

पुढें ज्यांनीं परभाषिक विद्यार्थ्यांना स्वतः शिकविलें, अशाच शिक्षकांनीं विद्यार्थ्यांसाठीं कोश रचले. मायकेल वेस्ट ह्यांनीं ढाका येथें शिक्षकांना शिकविण्याचें काम केलें, व त्यांचा सोप्या इंग्रजींतील कोश १९३५ सालीं निघाला. ए. एस. हॉर्न्बी जपानांत शिकवीत होते. त्यांचा संप्रदाय व वाक्यरचना ह्यांवर भर देणारा कोश तेथें १९४२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९४८ पासून तो ऑक्सफर्डच्या छापखान्यामार्फत जगभर पसरला. आज तुमच्या दप्तरांत किंवा ग्रंथालयांत जे विद्यार्थिकोश असतात, त्यांपैकीं अनेक ह्याच वंशांतले आहेत. अशा कोशांत 'पुल' ह्या शब्दाखालीं शेवटीं 'पुल थ्रू' निराळें दिलेलें असतें. आम्हांपाशीं त्या रात्रीं असा कोश असता, आणि शब्दाच्या पहिल्या ओळीवर न थांबतां शेवटपर्यंत वाचण्याची संवय असती, तर!

आपल्या मराठींत पाहा

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते कीं, ही विचित्र संवय इंग्रजीलाच आहे. पण क्षणभर आपल्या मायबोलीकडे पाहा. 'टाकणें' म्हणजे फेकणें. पण आई जेव्हां "एवढा भात खाऊन टाक" असें म्हणते, तेव्हां ती भात फेकावयास सांगत नाहीं. 'बसणें' ह्याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. पण "मी भलतेंच बोलून बसलों" असें म्हणणारा कदाचित् उभाही असेल. 'टाकणें' काम पुरें झाल्याचें दाखवितें, आणि 'बसणें' केल्याचा पश्चात्ताप. 'करून घेणें' आपल्यासाठीं, 'करून देणें' दुसऱ्यासाठीं, 'करून ठेवणें' पुढच्या वेळेसाठीं. हे सूक्ष्म भेद आपण पाळण्यांत शिकलों, म्हणून आपणांस ते भेद वाटतच नाहींत. मराठी शिकणाऱ्या परदेशी पाहुण्याला विचारा. तो ह्या 'टाकणें' आणि 'बसणें' ह्यांच्यापुढें हात टेकतो.

तात्पर्य हें कीं, मराठी जें काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते, तेंच काम पुष्कळदां इंग्रजी अव्ययाकडून करून घेते. 'ईट' म्हणजे खाणें, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणें. 'राइट' म्हणजे लिहिणें, 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेवणें. 'गिव्ह' म्हणजे देणें, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणें. ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे अर्धी भीति नाहींशी होते. जोडक्रियापद हें क्रियापदाला लागलेलें शेपूट नव्हे. ती एक नवी क्रिया आहे, असें समजून चालावें.

अव्ययांचा स्वभाव ओळखा

जोडक्रियापदें हजारों आहेत. तीं एकेक करून पाठ करूं म्हणणारा थकेल. परंतु त्यांत येणारीं नेहमींचीं अव्ययें मोजकींच आहेत, आणि प्रत्येकाचा कांहीं एक स्वभाव आहे. तो स्वभाव सर्वत्र लागू पडतो असें नाहीं. तरी अंधारांत कंदिलाइतका त्याचा उपयोग होतो.

'अप' : मूळ अर्थ वर. पुष्कळदां काम पुरें झालें, कांहीं उरलें नाहीं, असा भाव. 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणें. 'ड्राय अप' म्हणजे पार आटून जाणें.

'आउट' : मूळ अर्थ बाहेर. म्हणून लपलेली गोष्ट उघड होणें, किंवा असलेली वस्तु संपणें. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणें. 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळचें संपून जाणें. दिवा 'गो आउट' झाला म्हणजे तो विझला, फिरावयास गेला नव्हे.

'ऑन' : चालू राहण्याचा भाव. 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'रीड ऑन'. थांबूं नका, पुढें चला.

'ऑफ' : सुटण्याचा, तुटण्याचा भाव. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासास निघणें. 'ब्रेक ऑफ' म्हणजे मधेंच तोडणें. 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलें रद्द करणें.

'डाउन' : खालीं येणें, कमी होणें, मोडणें. 'कट डाउन' म्हणजे खर्च किंवा प्रमाण कमी करणें. 'ब्रेक डाउन' म्हणजे यंत्र बंद पडणें, तसेंच माणसाचा धीर खचणें.

'थ्रू' : ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत. म्हणून संकटाच्या पलीकडे सुखरूप पोंचणें हा 'पुल थ्रू'चा अर्थ. ओढण्याची कल्पना येथें आहेच. पण माणूस मृत्यूकडे ओढला जात नाहीं, दुखण्याच्या दरींतून अलीकडे ओढला जातो. मात्र सावध असा : 'फॉल थ्रू' म्हणजे बेत फिसकटणें. एकच 'थ्रू' एकाला तारतो, दुसऱ्याला बुडवितो.

आतां एकच क्रियापद घेऊन पाहूं. 'पुट' म्हणजे ठेवणें. 'पुट ऑन' म्हणजे अंगावर घालणें. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें. 'पुट आउट' म्हणजे विझविणें. 'पुट बाय' म्हणजे अडीअडचणीसाठीं शिल्लक टाकणें. 'पुट डाउन' म्हणजे टिपून ठेवणें, आणि बंडाच्या बाबतींत तें मोडून काढणें. 'पुट थ्रू' म्हणजे दूरध्वनि जोडून देणें. 'पुट अप' म्हणजे उभारणें, किंवा पाहुण्यास मुक्कामाला ठेवून घेणें. आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें. ह्यांतील बहुतेकांत 'ठेवणें' हा मूळ अर्थ कोठें ना कोठें दडलेला सांपडतो : काम दूर ठेवलें कीं तें लांबणीवर पडलें, पैसा बाजूस ठेवला कीं तो शिल्लक राहिला. शेवटच्या 'पुट अप विथ' मध्यें मात्र तो सहज सांपडत नाहीं. तेथें तर्क सोडून संप्रदायाला शरण जावें, हेंच शहाणपण.

कर्म कोठें ठेवावें?

येथें मराठी विद्यार्थ्यांची हमखास चूक होते. 'टेक ऑफ युअर कोट' आणि 'टेक युअर कोट ऑफ' हीं दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत. परंतु कर्म सर्वनाम असेल तर तें मधेंच आलें पाहिजे : 'टेक इट ऑफ', 'टेक ऑफ इट' हें अशुद्ध. उलट 'लुक आफ्टर' ही जोडी फुटत नाहीं. 'लुक आफ्टर हिम' असेंच म्हणावें. 'लुक हिम आफ्टर' असें कधींही नाहीं. तीन शब्दांच्या जोड्याही सहसा अशाच अखंड राहतात.

कर्माची जागा बदलली तर कधीं कधीं अर्थच पालटतो. 'सी थ्रू हिम' म्हणजे त्याचें ढोंग ओळखणें. 'सी हिम थ्रू' म्हणजे अडचणींतून पार पडेपर्यंत त्याला साथ देणें. शब्द तेच, पण एकांत मनुष्य उघडा पडतो आणि दुसऱ्यांत तो तरतो!

पत्रलेखनांतील एक नियमही येथेंच सांगून ठेवतों. 'लुक फॉरवर्ड टू' मधील 'टू' हें शब्दयोगी आहे. म्हणून पुढें 'सी' नव्हे, 'सीइंग' हवें. आपल्या विद्यार्थ्यांचीं पत्रें बहुतेक येथेंच घसरतात.

वाक्संप्रदाय आणि लोकांचें जीवन

आतां जोडक्रियापदें सोडून इतर वाक्संप्रदायांकडे वळूं. येथें आपणांस त्या त्या लोकांचें जीवन दिसतें.   इंग्रज हे बेटावरचे लोक. म्हणून त्यांच्या बोलण्यांत शिडें, दोर आणि निशाणें येतात. धंद्यांतील खाचाखोचा जाणणें म्हणजे 'नो द रोप्स', कारण शिडाच्या जहाजावर कोणता दोर कशाचा हें ठाऊक असल्याखेरीज खलाशी उपयोगाचा नसे. सर्वांवर सारखेंच संकट असणें म्हणजे 'इन द सेम बोट'. खरें स्वरूप प्रकट करणें म्हणजे 'शो वन्स ट्रू कलर्स', आणि येथें 'कलर्स' म्हणजे रंग नव्हेत, जहाजावरचें निशाण होय.

इतिहासही असाच भाषेंत मुरतो. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर जें झालें त्यावरून आपण दारुण पराभवाला 'पानिपत होणें' म्हणतों, आणि गोंधळाच्या गर्दीस 'भाऊगर्दी'. इंग्रजींत अखेरच्या पराभवाला 'मीट वन्स वॉटर्लू' म्हणतात, कारण १८१५ च्या जूनमध्यें वॉटर्लू येथें नेपोलियनचा कायमचा पाडाव झाला. पानिपत ज्याला ठाऊक नाहीं त्या परकीयास आपला संप्रदाय कळणार नाहीं. तसाच वॉटर्लू ठाऊक नसल्यास त्यांचा आपणांस कळणार नाहीं. म्हणून इतिहासाचा तास इंग्रजीच्या तासाचा शत्रु नव्हे.

आणि पवित्र शास्त्राचें ऋण तर इंग्रजीवर फार मोठें आहे. विल्यम टिंडेल ह्यांनीं १५३० सालीं प्रसिद्ध केलेल्या भाषांतरांत 'स्केपगोट' हा शब्द बनविला; लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांत लोकांचीं पापें ज्याच्या माथ्यावर ठेवून ज्याला रानांत सोडून देत, तो बकरा. आज दुसऱ्याच्या अपराधाचें खापर ज्याच्या माथीं फुटतें त्यास इंग्रजींत हेंच नांव आहे. दानीएलाच्या पुस्तकांत नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नांतील मूर्तीचें मस्तक सोन्याचें, पण पावलें लोखंड व माती मिसळलेलीं. त्यावरून थोर माणसांतील लपलेल्या दोषास 'फीट ऑफ क्ले' म्हणतात. त्याच पुस्तकांत बेलशस्सराच्या मेजवानीच्या वेळीं भिंतीवर अक्षरें उमटलीं. त्यावरून येऊं घातलेल्या नाशाच्या स्पष्ट चिन्हास 'द रायटिंग ऑन द वॉल'. ठरल्यापेक्षां अधिक कष्ट सोसणें ह्यास 'गो द एक्स्ट्रा माइल' म्हणतात, त्याचें मूळ मत्तयाच्या पांचव्या अध्यायांतील प्रभूच्या उपदेशांत आहे. रोमी शिपाई वाटेच्या माणसास आपलें ओझें मैलभर वाहावयास लावूं शकत असे. त्याच्याबरोबर आनंदानें दोन मैल जा, असा तो उपदेश. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात. त्यांपैकीं ज्यांना ह्या कथा केवळ भाषेसाठीं वाचावयाच्या असतील त्यांनींही त्या अवश्य वाचाव्या. इंग्रजी वाङ्मयाचीं पुष्कळ दारें त्यांनीं उघडतात.

सारखे दिसणारे, पण फसविणारे

कांहीं संप्रदाय दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहेत. 'प्ले विथ फायर' म्हणजे विस्तवाशीं खेळणें. 'थ्रो डस्ट इन समवन्स आइज' म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणें. असें साम्य पाहून विद्यार्थी निर्धास्त होतो, आणि तेथेंच फसतो. 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणें. आपण 'पाय ओढणें' म्हणतों तें पुढें जाणाऱ्याला मागें खेंचण्यास. त्यांत थट्टा नसून मत्सर असतो. इंग्रज मित्र हंसत हंसत पाय ओढल्याचें सांगेल आणि आपण रागावून बसूं!

ह्याहून मोठा विरोध हात धुण्यांत आहे. 'वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी झटकून तिच्यापासून दूर होणें. पिलातानें लोकांसमोर हात धुतले, त्यावरून तो आला. आपल्याकडे मात्र 'हात धुऊन मागें लागणें' म्हणजे पिच्छा न सोडणें. एकाच हात धुण्यानें इंग्रज दूर होतो आणि मराठी माणूस पाठीस लागतो! म्हणून एका भाषेंतील संप्रदाय दुसऱ्या भाषेंत शब्दशः नेऊं नये. 'कान भरणें' ह्याचें शब्दशः इंग्रजी केलें तर वाचणारा कानांत पाणी गेलें असें समजेल.

कोठें, कोणाशीं, केव्हां?

संप्रदायाचा अर्थ कळला म्हणजे तो वापरावयास मोकळीक मिळाली असें नव्हे. एका विद्यार्थ्यानें आजीच्या निधनानिमित्त रजेचा अर्ज लिहिला आणि त्यांत 'किक्ड द बकेट' असा प्रयोग केला. पुस्तकांत त्याचा अर्थ 'मरण पावणें' असा दिलेला होता, म्हणून त्यानें तो मोठ्या हौसेनें घातला. पण तो प्रयोग थट्टेचा आहे. अशा ठिकाणीं 'पास्ड अवे' हेंच योग्य. मराठींतही आपण 'वारले', 'देवाज्ञा झाली', 'प्रभूमध्यें निद्रिस्त झाले' असें म्हणतों. 'गचकला' हाही मरणाचाच शब्द आहे, पण स्वतःच्या आजीविषयीं तो कोणी उच्चारील काय? त्या मुलाला आम्ही रागावलों नाहीं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. तारेचा कागद आम्हांस आठवला. दुःखाच्या प्रसंगीं भाषा चुकली म्हणजे ती अधिक बोंचते, हें आम्ही जाणतों.

तसेंच निबंधांत संप्रदायांची आरास मांडूं नये. पाऊस आला कीं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' लिहिण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो प्रयोग वापरून वापरून गुळगुळीत झालेला आहे. 'इट रेन्ड हेविली' हें साधें वाक्य अधिक शोभतें. संप्रदाय हें मीठ आहे. भाजींत दिसूं नये, पण नसलें तर कळावें.

आपल्याकडच्या कांहीं ठराविक चुकाही टाळा. 'डिस्कस अबाउट' नव्हे, नुसतें 'डिस्कस'. 'कोप अप विथ' नव्हे, 'कोप विथ'. येथील 'अप' हें 'पुट अप विथ' आणि 'कीप अप विथ' ह्यांच्या संगतीनें शिरलेलें आहे. 'पंखा बंद कर' ह्याचें 'क्लोज द फॅन' असें करूं नका. 'टर्न ऑफ द फॅन' म्हणा. परीक्षा आपण मराठींत 'देतों', पण इंग्रजींत विद्यार्थी ती 'टेक' करतो. आणि 'पास आउट' हें शाळा सोडण्याच्या अर्थानें आपल्या देशांत सर्रास चालत असलें, तरी इंग्लंडांत त्याचा नेहमींचा अर्थ बेशुद्ध पडणें असा आहे. सैनिकी विद्यालयांतून शिक्षण पुरें करून बाहेर पडणाऱ्यांपुरताच तेथें तो दुसऱ्या अर्थानें चालतो. आमचे सर्व विद्यार्थी शुद्धीवर राहून शाळेबाहेर पडोत, अशी आमची इच्छा आहे!

अभ्यासाची रीत

आतां उपाय सांगतों. एक निराळी वही करा. बाजारांतील पुस्तकांतून शेंकडों संप्रदायांची यादी उतरून काढूं नका. ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरली जाते. वाचतांना जो संप्रदाय प्रत्यक्ष भेटेल तोच संपूर्ण वाक्यासह लिहा. त्याखालीं हें वाक्य कोणीं, कोणास, कोणत्या प्रसंगीं म्हटलें, तें एका ओळींत टिपा. मग त्याच अर्थाचा मराठी संप्रदाय आठवून पाहा; नसल्यास साधा अर्थ लिहा. शेवटीं स्वतःच्या घरचें, गांवचें, शाळेचें एक वाक्य त्यांत रचा. 'पुट ऑफ' शिकलां तर 'आईनें पाणी आणावयास सांगितलें आणि मीं तें लांबणीवर टाकलें' हेंच इंग्रजींत लिहा; खरें असल्यास अधिक चांगलें लक्षांत राहील. दिवसाला दोन संप्रदाय पुरेत. वर्षाअखेर ते सातशेंहून अधिक होतील, आणि ते उसने नसून तुमचे असतील.

वाचतांना एखाद्या ओळखीच्या शब्दाचा अर्थ वाक्यांत बसेना, तर तो बळेंच बसवूं नका. पुढचा लहानसा शब्द पाहा. 'अप', 'आउट', 'ऑफ', 'थ्रू' यांपैकीं कोणी तेथें बसलेला असेल, तर दोघांना मिळून कोशांत शोधा. आणि कोशही न मिळाला, तर जाणत्या माणसास विचारा. विचारण्यास लाजणें हेंच अज्ञानाचें मूळ आहे.

विद्यार्थ्यांनो, भाषा ही माणसामाणसांतील विश्वासाची वस्तु आहे. एके काळीं खेड्यांतल्या घरीं तार येत असे. आज दवाखान्याचे कागद, बँकेचे करार, नोकरीचीं पत्रें आणि सरकारी सूचना येतात. तीं वाचून दाखवावयास घरांतील वडील माणसें तुमच्याच तोंडाकडे पाहतात. तुम्ही जें सांगाल तेंच त्यांना खरें. म्हणून शब्द ओळखीचा दिसला तरी घाई करूं नका. त्याच्या शेजारीं कोण बसलें आहे तें पाहा, आणि मगच अर्थ सांगा. आमच्या मातोश्रींनीं आम्हांस जो धडा दिला, त्याहून मोठा धडा आम्ही तुम्हांस देऊं शकत नाहीं : पुढच्या वेळीं नीट वाचा.